पहिली जागा आणि परवडणारी जागा

‘आपली जाहिरात सगळ्यात वर दिसली पाहिजे.’ गूगलवर जाहिरात करायला निघालेला छोटा व्यावसायिक बहुतेक वेळा हीच अट सर्वांत आधी घालतो. जाहिरातीचं काम बघणारी एजन्सीही लगेच होकार देते, कारण वर दिसणारी जाहिरात मोबाइलवर उघडून दाखवता येते आणि पुढच्या महिन्याचं बिल विनातक्रार निघतं. हे पुस्तक ही अट तपासून पाहण्यासाठी लिहिलं आहे. वरची जागा वाईट, असं मला म्हणायचं नाही. काही धंद्यांना ती पुरेपूर लाभते. पण ती कोणाला लाभेल आणि कोणाचा गल्ला रिकामा करेल, हे नुसत्या जागेकडे बघून सांगता येत नाही. एका ऑर्डरमागे तुमच्या हातात किती रुपये उरतात, त्यावर ते ठरतं. हा हिशेब मराठीत, आपल्या धंद्याच्या भाषेत मांडला जावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

पहिल्या जागेचा हट्ट कुठून येतो, हे समजण्यासारखं आहे. पेठेतल्या गाळ्याचा अनुभव आपल्या गाठीशी असतो. चौकातल्या गाळ्याचं भाडं जास्त, आतल्या बोळातल्या गाळ्याचं कमी. पण एकदा भाडं भरलं की दुकानात दहा माणसं आली काय आणि हजार आली काय, भाडं तेवढंच राहतं. तिथे मोक्याची जागा धरून जास्तीत जास्त गिऱ्हाईक आत आणणं यातच शहाणपण आहे. पे-पर-क्लिक जाहिरातीत असं ठरलेलं भाडं नसतं. आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे पैसे मोजावे लागतात, मग तो काही घेवो वा नुसता बघून परत जावो. शिवाय जागा वरची घेतली की हा दर सगळ्यांसाठीच वाढतो. खालच्या जागेवरूनही जे आलेच असते, त्यांच्यासाठीसुद्धा आता जास्त पैसे पडतात. या पुस्तकातलं जवळजवळ सगळं गणित या एका गोष्टीतून निघालं आहे.

ही व्यवस्था कशी घडली, ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण आजच्या अनेक गैरसमजांची मुळं तिथे आहेत. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे आयडियालॅब ही नवनवे धंदे उभे करणारी कंपनी चालवणारे बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम हे सर्च इंजिन लोकांसमोर आणलं. त्या काळी वेबवरचे जाहिरातदार बहुधा जाहिरात हजार वेळा दिसण्याचे पैसे भरत. ती कोणी वाचली का, याच्याशी दराचा संबंध नसे. ग्रॉस यांनी निकालांचा क्रमच लिलावात काढला. ज्याची बोली जास्त तो वर, आणि पैसे फक्त कोणी क्लिक केलं तर. जाहिरातदार एका क्लिकचे किती सेंट देतो, तो आकडाही निकालाशेजारी उघड छापलेला असे. शोधाची यादीच विकायला काढल्याबद्दल ग्रॉस यांच्यावर टीका झाली, पण जाहिरातदार आले. २००१ मध्ये कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली.

गोटूच्या नियमात एक खोट होती. जो जेवढं बोलेल, तेवढंच त्याने भरायचं. समजा दुसऱ्या जागेवरच्याची बोली तीस सेंट आहे आणि पहिल्याची पन्नास. पहिल्याला वर राहायला एकतीस सेंट पुरेसे असताना तो पन्नास भरतो. हे लक्षात येताच तो बोली खाली आणतो. मग दुसरा त्याच्यावर एक सेंट चढवतो, पहिला पुन्हा एक सेंट चढवतो, आणि हे इतकं वर जातं की एकाला परवडेनासं होतं. तो तळाशी उतरतो आणि खेळ नव्याने सुरू होतो. लोकांनी या कामाला संगणकी प्रोग्राम जुंपले. बेंजामिन एडेलमन आणि मायकेल ऑस्ट्रॉव्स्की या अभ्यासकांनी ओव्हर्चरवरच्या बोलींचे आलेख काढले, तेव्हा ते करवतीच्या दात्यांसारखे निघाले. किंमत हळूहळू वर जायची आणि एकदम खाली कोसळायची.

गूगलची ॲडवर्ड्स सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांना घेऊन सुरू झाली, तीही हजार दर्शनांच्या दराने. फेब्रुवारी २००२ मध्ये गूगलने क्लिकचा लिलाव आणला आणि त्यात दोन बदल केले. पहिला बदल असा की जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरायची नाही, खालच्याला मागे ठेवायला जेवढं लागतं तेवढंच भरायचं. या विचाराचं मूळ अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांच्या १९६१ च्या लेखात सापडतं. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि अवघ्या तीन दिवसांत त्यांचं निधन झालं. दुसरा बदल छोट्या व्यावसायिकासाठी जास्त मोलाचा होता. क्रम लावताना नुसती बोली न बघता, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही बघायचं ठरलं. आजच्या भाषेत आपण याला जाहिरातीची गुणवत्ता म्हणतो.

हिशेब सोपा करून सांगतो. एकाची बोली ३० रुपये, गुणवत्ता ४. दुसऱ्याची बोली २० रुपये, गुणवत्ता ७. गुणाकार केला तर पहिल्याचे १२० होतात आणि दुसऱ्याचे १४०. म्हणजे वीस रुपये बोलणारा वर बसतो. आणि तो वीस रुपयेही भरत नाही. १२० ला ७ ने भागलं की सतरा रुपयांच्या थोडं वर उत्तर येतं. त्याला एका क्लिकमागे साधारण तेवढेच पडतात. प्रत्यक्षात आता या गणितात शोधणाऱ्याचं ठिकाण, वेळ, मोबाइल की संगणक, जाहिरातीला जोडलेले फोन क्रमांक आणि दुवे, किमान पात्रतेची रेषा, असं बरंच काही मिसळलं जातं. शिवाय खात्यात १ ते १० मध्ये दिसणारा गुणवत्तेचा आकडा ही फक्त एक खूण आहे, लिलावात जसाच्या तसा तो वापरला जात नाही. तरीही गाभा तोच आहे. शोधलेल्या शब्दांशी जुळणारा मजकूर आणि क्लिक केल्यावर नेमकं हवं ते दाखवणारं पान ज्याच्याकडे आहे, त्याला तीच जागा स्वस्तात पडते. म्हणून बोली वाढवण्याआधी मजकूर सुधारा, असं मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

आता मुख्य प्रश्न. दुसऱ्याच्या बोलीवर आपली किंमत ठरणार असेल, तर क्लिकची आपल्याला जी खरी किंमत वाटते तीच बोली लावून मोकळं व्हावं, असं कोणालाही वाटेल. एकच वस्तू विकायची असती तर ते बरोबरच ठरलं असतं. सर्चच्या लिलावात मात्र एकाखाली एक अशा अनेक जागा असतात. एडेलमन, ऑस्ट्रॉव्स्की आणि मायकेल श्वार्झ यांनी २००७ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त दाखवून दिलं की अशा लिलावात पूर्ण किंमत बोलणं दर वेळी हिताचं नसतं. एक पायरी खाली उतरून थोडे कमी क्लिक बऱ्याच कमी दरात घेणं कधीकधी जास्त फायद्याचं असतं. त्याच वर्षी गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ हॅल व्हेरियन यांनीही या लिलावाचं स्वतंत्र विवेचन प्रसिद्ध केलं. त्यातून निघणारा व्यवहाराचा नियम असा की वर चढताना मिळणाऱ्या जादा क्लिकमागे किती पैसे पडले, ते बघायचं.

उदाहरण देवगडच्या एका काल्पनिक बागायतदाराचं घेऊ. तो पुण्या-मुंबईला थेट पेट्या पाठवतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ऑनलाइन हापूस शोधणाऱ्याला खरा कोणता आणि खोटा कोणता हे पडद्यावर कळत नाही, म्हणून हंगामात या शब्दांसाठी चढाओढ लागते. समजा पेटी, पेंढा, वाहतूक, नासका माल हे सगळं वजा करून एका ऑर्डरमागे त्याच्या हातात ४०० रुपये राहतात. शंभर क्लिकमधून पाच ऑर्डर येतात. म्हणजे एका क्लिकची त्याला किंमत २० रुपये. तिसऱ्या जागेवर त्याला दिवसाला ४० क्लिक ८ रुपयांनी मिळतात. खर्च ३२०, आंब्यातून ८००, उरले ४८०. दुसऱ्या जागेवर ६० क्लिक ११ रुपयांनी. खर्च ६६०, आले १,२००, उरले ५४०. पहिल्या जागेवर ८० क्लिक १७ रुपयांनी. खर्च १,३६०, आले १,६००, उरले २४०.

पहिल्या जागेचा १७ रुपये दर २० पेक्षा कमीच आहे. कागदावर ती नफ्यात दिसते, आणि विक्रीही सगळ्यात जास्त तिथेच आहे. एजन्सीचा अहवाल त्याला हेच दाखवेल. पण दुसरीवरून पहिलीवर जाताना त्याला फक्त वीस क्लिक जास्त मिळाले आणि खर्च ७०० रुपयांनी वाढला. त्या वीसांपैकी प्रत्येक क्लिक त्याला ३५ रुपयांना पडला, आणि क्लिकची किंमत तर वीसच आहे. तिसरीवरून दुसरीवर येताना मात्र वीस क्लिकसाठी ३४० रुपये वाढले, म्हणजे प्रत्येकी सतरा. ते परवडलं. या बागायतदाराची जागा दुसरी.

आता यातला एकच आकडा बदलून बघा. आंबा आवडलेलं गिऱ्हाईक पुढची दोन वर्षंही त्याच्याकडूनच पेटी घेत असेल, तर एका नव्या गिऱ्हाइकाची किंमत ४०० नव्हे, १,२०० रुपये होते, आणि एका क्लिकची साठ. मग ३५ रुपयांचा जादा क्लिकही स्वस्त ठरतो आणि पहिली जागा हीच त्याची योग्य जागा होते. बाजार तोच, प्रतिस्पर्धी तेच, दरही तेच. बदललं ते फक्त गिऱ्हाईक टिकण्याचं प्रमाण. म्हणूनच शेजारच्या व्यापाऱ्याची जागा बघून आपली जागा ठरवण्यात काही अर्थ नाही, असं मी इतक्या ठामपणे म्हणतो. त्याच्या वहीतले आकडे आपल्याला माहीत नसतात.

या मांडणीत एक गृहीतक आहे. वरच्या जागेवरून येणारा माणूस आणि खालच्या जागेवरून येणारा माणूस सारख्याच प्रमाणात खरेदी करतात, असं मी धरलं. व्हेरियन यांनी २००९ मध्ये गूगलच्या आकडेवारीवरून सांगितलं होतं की एकाच जाहिरातीसाठी जागेनुसार खरेदीच्या प्रमाणात फारच थोडा फरक पडतो, अकरा जाहिराती असलेल्या पानावर पाच टक्क्यांहून कमी. हा निष्कर्ष खुद्द जागा विकणाऱ्या कंपनीचा आहे, पण तो ‘वर चढा’ असं सांगत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आशिष अगरवाल, कार्तिक होसनगर आणि मायकेल स्मिथ या अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याच्या जाहिरातींवर प्रयोग करून पाहिला. खाली जाताना क्लिक घटले, पण नेमक्या, लांबलचक शोधशब्दांसाठी खरेदीचं प्रमाण खालच्या जागांवर उलट वाढलं, आणि सर्वांत वरची जागा सर्वाधिक नफ्याची नव्हती. कारण पटण्यासारखं आहे. दोन-चार जाहिराती ओलांडून खाली येणारा माणूस बहुधा खरोखरच घ्यायला निघालेला असतो. हे सगळ्या धंद्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. रात्री कुलूप उघडणारा हवा असेल, भर रस्त्यात गाडी बंद पडली असेल, तेव्हा माणूस पहिला नंबर फिरवतो आणि तो लागला तर दुसऱ्याकडे वळत नाही. तिथे वरच्या जागेला पर्याय नाही. मोबाइलवर तर पहिल्या एक-दोन जाहिरातींनीच पडदा भरतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आज गूगलवर अमुक क्रमांकाची जागा मागता येत नाही. जागेची पसंती नोंदवायची सोय पूर्वी होती, ती २०११ मध्ये बंद झाली. संगणकावरच्या निकालांच्या उजवीकडची जाहिरातींची पट्टी फेब्रुवारी २०१६ मध्ये गेली, आणि वर जास्तीत जास्त चार जाहिराती राहिल्या. सप्टेंबर २०१९ अखेर ‘सरासरी स्थान’ हा आकडाही खात्यातून काढला गेला. त्यावर बरीच नाराजी झाली, पण तो आकडा फसवा होता हे मान्य करायला हवं. निम्म्या वेळा पहिल्या आणि निम्म्या वेळा चौथ्या जागेवर दिसणाऱ्या जाहिरातीचं सरासरी स्थान अडीच येतं, आणि ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवर एकदाही दिसलेली नसते. आता आपल्याला कळतं ते इतकंच, की जाहिरात किती टक्के वेळा वरच्या भागात होती आणि किती टक्के वेळा सर्वांत वर. म्हणजे जागा निवडायची ती बोलीतून, अप्रत्यक्षपणे. या पुस्तकात ‘जागा निवडणं’ हे शब्द याच अर्थाने आले आहेत.

आपल्याच नावाच्या शोधावर वर असावं का, यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा नकळत तिथे जातो. ईबेने २०१२ मध्ये याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवून पाहिल्या. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी त्या प्रयोगाचा निष्कर्ष ‘इकोनोमेट्रिका’त मांडला. जाहिराती थांबवल्याने हुकलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून पुन्हा ईबेवरच आले. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. ईबेशी ओळख नसलेल्या किंवा क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला जाहिरातीचा खरा उपयोग होतो. नवं दुकान आणि नवी सेवा यांच्यासाठी ही आशेची गोष्ट आहे. मात्र आपल्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर चित्र बदलतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये ॲगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं की दुसऱ्याचं नोंदणीकृत नाव शोधशब्द म्हणून वापरणं हे आपोआप उल्लंघन ठरत नाही. गिऱ्हाइकाची फसगत होईल अशी जाहिरात असेल तर दाद मागता येते. म्हणजे केवळ बोली लावली म्हणून कोणाला थांबवता येईल असं नाही. अशा वेळी आपल्या नावापुरती वरची जागा राखणं योग्य, आणि आपल्या नावावर आपलीच गुणवत्ता सगळ्यात चांगली असल्याने ती बहुधा स्वस्तही पडते.

लिलाव चालवणाऱ्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला सर्चमधली बेकायदा मक्तेदारी राखल्याबद्दल दोषी ठरवलं. सर्चमधल्या मजकुरी जाहिरातींचे दर लिलावाची अंतर्गत रचना बदलून कसे वाढवले गेले, याची सविस्तर नोंद त्या निकालात आहे. त्यात दुसऱ्या क्रमांकावरच्याला कधीकधी वर आणणारी एक यादृच्छिक पद्धतही आहे. म्हणजे आपण भरतो ती किंमत केवळ शेजाऱ्याच्या बोलीने ठरते, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र आज पुरं खरं नाही. छोट्या व्यावसायिकाच्या हातात याला एकच उत्तर आहे. बाजार काय दर लावतो यावरून आपली मर्यादा ठरवू नये, आपल्या नफ्यावरून ठरवावी, आणि दर त्या मर्यादेबाहेर गेला की खाली उतरावं किंवा सरळ बाहेर पडावं.

‘आता सगळं यंत्रच करतं, मग हे कशाला शिकायचं?’ असं कोणी विचारेल. बोली खरोखरच बहुतांशी यंत्र लावतं. पण एका ऑर्डरमागे किती खर्च चालेल, हा आकडा यंत्राला आपणच द्यावा लागतो. तो आकडा सरासरीचा असतो, आणि सरासरीच्या आड शेवटच्या महागड्या ऑर्डरी सहज लपतात. वरच्या उदाहरणातल्या बागायतदाराने ‘एका ऑर्डरमागे ३४० रुपये खर्च चालेल’ असं सांगितलं तर यंत्र त्याला इमानाने पहिल्या जागेवर नेऊन ठेवेल, आणि त्याचा दिवसाचा नफा निम्म्याहून कमी होईल. चूक यंत्राची नसेल.

पुस्तकाच्या पुढच्या भागात खातं कसं मांडायचं, देवनागरीत, रोमन लिपीत आणि मिसळलेल्या मराठीत लोक काय काय शोधतात, बोली बदलून जादा क्लिकचा खर्च कसा मोजायचा, हे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. स्वतःची जाहिरात दिसते का हे रोज मोबाइलवर शोधून बघायची सवय मात्र आजच सोडा. तुम्ही बघता आणि क्लिक करत नाही, त्यामुळे तुमच्याच जाहिरातीचं क्लिकचं प्रमाण घसरतं. त्यासाठी गूगलचं पूर्वावलोकनाचं वेगळं साधन आहे, ते वापरा.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि एका ऑर्डरमागे सगळे खर्च जाऊन हातात नेमके किती रुपये राहिले, तो आकडा या पानाच्या समासात पेनाने लिहा. पुढची सगळी प्रकरणं त्याच आकड्यावर चालतात.